साहेबाच्या नावाखालची तांबडी रेघ

…आन् माझी चुकी ती काय, तर म्हणं तांबडी रेघ! आवो, तुमीच सांगा, एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाखाली तांबडी रेघ दिसली, तीबी सरळ न्हाई, गांडुळावाणी वळवळलेली, तर भल्या माणसानं काय करावं? मी म्हणलो, "बाई, ते तांबडं तेवढं काढ, साहेबाच्या नावाखाली बरं दिसत न्हाई." एवढंच म्हणलो. आता याला गुन्हा म्हणायचं का?… म्हणायचंच. पण खरा गुन्हा दुसराच हाय, अन् तो सांगायला जीभ उचलत न्हाई. लाज वाटती हो, लय लाज वाटती.

थांबा, दमानं सांगतो. मी बजरंगनाना. ताडकळसहून दोन कोसावर आमचं गाव. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लावतात, ती वाचायची जिम्मेदारी चाळीस वर्षांपासून माझ्याकडं. चष्मा लावायचा, पोथी उघडायची, पान उलटायचं… अन् म्हणायचं. लोक म्हणतात, "नानाचं वाचन म्हणजे वाचन! एक अक्षर चुकत न्हाई!" चुकंल कसं? वाचलं तर चुकंल ना! मला वाचताच येत न्हाई, तुमाला सांगतो. वडील वाचायचे, ते ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालं, अन् वडील गेल्यावर लोकांनी पोथी माझ्या हातात ठिवली. तवाच म्हणायला पाहिजे होतं, की बाबांनो, मी शाळेची पायरी चढलेलो न्हाई. न्हाई म्हणलो. दुसऱ्या वर्षी म्हणावं, तर लोक इचारतील, मग पहिल्या वर्षी काय केलंव? असं करत करत चाळीस वर्षं निघाली!

तर झालं काय, शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन ठरलं. आमच्या भागाचे पुढारी चंद्रभान पळसपुरे साहेब येणार, सभापती भागवत चोपडे येणार, म्हणून पत्रिका छापायची. आमचे सरपंच अप्पाराव म्हणले, "नाना, तुमी ताडकळसच्या बाजाराला जायलावच, तर ही नावाची चिठ्ठी द्या अन् पत्रिका तपासून या. नावात चूक नको, साहेब लय तापट हायत. पोथी वाचणारी नजर तुमची, दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई." आता काय म्हणावं? गुमान पिशवी उचलली.

छापायचं दुकान प्रमोदिनीचं. बसस्टँडसमोर एवढासा गाळा, एक कंप्युटर, एक छपाईचं मशीन. पोरगी बाहेरगावची, नवीनच आलेली, पण लय गुणाची. गेल्या गेल्या पाणी देती, "बसा नाना" म्हणती. तिनं चिठ्ठी बघून नावं मारली, अन् आली की हो ती तांबडी रेघ! साहेबाच्या नावाखाली एक, सभापतीच्या नावाखाली एक. म्हणलो, "हे काय गं बाई?" तर म्हणती, "नाना, ही आडनावं कंप्युटरला ओळखू येइनात, म्हणून चुकलंय म्हणायलंय, दुसरे शब्द सुचवायलंय." आता बघा! ज्या माणसाची गाडी दिसली की अख्खा तालुका उठून उभा ऱ्हातो, त्याला हे डबडं ओळखत न्हाई? म्हणून मी म्हणलो, तांबडं काढ. तिच्या डोक्यावर सहा गिऱ्हाइकं, कुणाला आधारचं झेरॉक्स पाहिजे, कुणाला फोटो. तिनं टकटक केलं, तांबडं गेलं. कागद काढून माझ्या हातात दिला अन् म्हणली, "नाना, नावं तेवढी नीट वाचा हां, हे कवा कवा मनानंच शब्द बदलतंय. तुमी बरोबर म्हणलाव की छापते."

इतकं समजून सांगितलं हो लेकरानं! अन् मी?… चष्मा लावला. बोट फिरवलं. ओठ हलवले. मधी एका जागी थांबून "हं" सुदिक केलं! अन् म्हणलो, "बरोबर हाय." लाज वाटती हो, लय लाज वाटती.

पत्रिकांचा गठ्ठा आला तो उद्घाटनाच्या दिवशीच, उघडून बघायला कुणाला सवड न्हाई, अन् माइक मुकुल सरांकडं. आमच्या शाळेचे मास्तर. आवाज खणखणीत, पण सवय अशी, की कागद समोर आला की नाकासमोर वाचत सुटायचं. पत्रिका उचलली अन् सुटले, "आपल्या विनंतीला मान देऊन आलेले, या भागाचे भाग्यविधाते, माननीय चंद्रभानजी पळपुटे साहेब!" अन् सरांना उमगायच्या आत पुढचं बाहेर, "तसंच सभापती, माननीय भागवतरावजी चोरटे!"

आता साहेबानं दोन वर्षांत तीन पक्ष बदललेले. मागून कोणतरी वरडलं, "यंदा बरोबर छापलंय रे!" आन् मंडप जो हसायला लागला… बाया पदरात तोंड घालून, बाप्ये एकमेकाच्या मांडीवर थापा मारून! साहेब हारासकट उठले अन् गाडीत बसून निघून गेले. म्हणजे बघा, पळालेच की! फीत तशीच ऱ्हायली.

मग साहेबाचा कार्यकर्ता केयूर, डोळ्याला गॉगल, त्यानं सगळ्यांसमोर प्रमोदिनीला फोन लावला अन् आवाज मोठा केला. "कुणाला इचारून छापलं हे?" ती म्हणली, "दादा, नाना आले होते. त्यांनी वाचून बरोबर हाय म्हणलं, मगच छापलं." खरं बोलली हो! अन् आमचे अप्पाराव काय म्हणावेत? "खोटं बोलू नका बाई! नानावर ढकलताव? चाळीस वर्षं पोथी वाचायलाय माणूस!" सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. मी पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागलो. केयूर म्हणला, "गाळा साहेबाच्या पाहुण्याचा हाय. चार दिवसांत खाली करायचा." फोनमधून एक बारीक हुंदका आला, मी ऐकला, अन् तरी तोंड उघडलं न्हाई. लाज वाटती हो, लय लाज वाटती.

घरात तीन दिवस असेच गेले, तवा आमच्या कारभारीण कस्तुराबाई म्हणल्या, "आवो, सांगून टाका की एकदा, वाचता येत न्हाई म्हणून." मी उडालोच! म्हणलो, "तुला कवापासून ठाव?" तर म्हणती कशी, "पोथीची मधली बारा पानं उंदरानं खाऊन सहा वर्षं झाली. तुमी तीबी वाचताव."

चौथ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं ताडकळस गाठलं. शटर अर्धं खाली, आत प्रमोदिनी वायरी गुंडाळायलीय, बाहेर केयूर उभा. तिच्या डोळ्याला डोळा न देता एका दमात म्हणून टाकलं, "दादा, पोरीची चूक न्हाई. मला वाचता येत न्हाई." तर गडी हसला! "काय नाना, पोरीला वाचवायला काहीबी सांगायलाव? तुमची पोथी अख्ख्या तालुक्याला माहीत हाय." आता बोला! जन्मभर खोटं रेटलं ते सगळ्यांना पटलं, अन् खरं कुणी घेईना! म्हणलो, "आण घेतो, लिहून देतो." तो म्हणला, "द्या लिहून, साहेबाला दाखवतो." प्रमोदिनीनं परत वायरी जोडल्या अन् टकटक केलं, की मला वाचता येत न्हाई, पत्रिकेतली चूक माझीच. केयूर म्हणला, "नाना, नीट वाचा अन् मग सही करा." सही येती मला, तेवढी गिरवून शिकलोय.

टेबलावरला कागद उचलला. चार माणसं बघायलेत… काय करावं, हाताला वळणच पडलेलं! चष्मा लावला. बोट फिरवलं. ओठ हलवले. अन् म्हणलो, "बरोबर हाय."

प्रमोदिनी हळूच म्हणली, "नाना… ते लाइटबिल हाय. तुमचा कागद आजून मशीनमधीच हाय."

केयूरनं गॉगल काढला. माझ्याकडं बघितलं, बिलाकडं बघितलं. हसला न्हाई. बाजूला जाऊन फोन लावला, "साहेब, पोरीचा काही दोष न्हाई. म्हातारा खरंच अडाणी हाय." अन् आपल्या हातानं शटर वर केलं. प्रमोदिनीनं डोळे पुसले अन् मला पाणी दिलं.

सही केली मग. दोन कागदांतल्या कोणत्यावर केली, ते तेवढं इचारू नका.