कुठी पाठवलं गेलं?

राजुऱ्याच्या बसस्थानकात बसची वाट पाहणाऱ्या पवनच्या पाठीमागच्या बाकावर गिरजाबाई आणि थोडी तुर्की शिकलेली तिची पुतणी नूतन बसल्या होत्या. गिरजाबाईचा नवरा तुर्कस्तानात वेल्डर म्हणून गेला होता, कंपनीने त्याला तिथून दुसरीकडे पाठवले आणि बावीस दिवस त्याचा फोन नव्हता, एवढे पवनला न वळताच कळले होते.

"काकू, पुन्हा म्हण. नेरेये ग्योंदेरिल्दी? कुठी पाठवलं गेलं?"

"नेरेये ग्योंदेरिल्दी. कोणं पाठवलं, थे नाई सांगा लागत?"

"नाई. ग्योंदेर म्हणजे पाठव. त्यात 'इल' घातलं का पाठवणारा गायब."

"अन् ज्याले पाठवलं, त्याचं नाव?"

"नाई घेतलं तरी चालते."

"मंग आपल्या बायायचीच भाषा हाय थे! अठरा वर्सं मीबी अशीच बोलून राह्यली."

"हासू नको, कंपनीतल्या बाबूले फोन लागला. बोल."

"नेरेये ग्योंदेरिल्दी? ... नूतन, काय म्हणते तो?"

"कोण, म्हणते. नाव पायजे."

"तू सांग ना."

"सांगतलं. बायकोच्याच तोंडून पायजे म्हणते, नाईतर फोन ठेवते."

"बाई, मालकाचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, थेवढंच."

"काकू, ठेवून राह्यला तो!"

"सोमाजी."

पवनने वळून पाहिले. मग शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी गिरजाबाई ओरडली, "सोमाजी! सोमाजी रामटेके! सोमाजी!"

"ऐकलं त्यानं, काकू. पाहून सांगतो म्हणते. आता नको घेऊ नाव, लोकं पाहून राह्यले."

"घेऊ दे ना, बाई."