डाळिंबी साडी वेळेआधी नेल्याबाबत

जबाब देणार : जयवंतराव शिर्के, वय ७१, पूर्वी औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर, आता घरीच. राहणार तरसाली, बडोदे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी पद्मा हिच्यासह राहतो. गुजराती मला येते, पण ही हकीकत मराठीतच नीट सांगता येईल असे म्हटल्यावर जमादारांनी ती मराठीत लिहून घेतली. तक्रारदार आनंद माने हे समोरच्या घरातले. त्यांच्या आई चारुलताबाई, वय ७४, या माझ्या मानलेल्या बहीण आहेत. 'मानलेल्या' लिहिणे भाग आहे असे जमादार म्हणाले, म्हणून लिहिले.

चारुलताबाईंचे माहेर इंदूरचे. दोन्ही भाऊ वारले. त्यानंतर भाऊबीजेला त्या गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळत. भाऊ नसला की बायका तसे करतात. एका वर्षी पद्माने ते पाहिले आणि मला म्हणाली, "जा हो, बसा पाटावर. चंद्र काय ओवाळणी घालणार आहे त्यांना?" तेव्हापासून दरवर्षी मी बसतो.

बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालायची, ही आमच्याकडची रीत. चारुलताबाईंच्या थोरल्या बहिणीच्या वेळी भावाची गाडी चुकली. तो साडी घेऊन पोचला तेव्हा तिरडी निघून गेलेली होती. याचा बाईंनी धसका घेतला होता. मागच्या वर्षी दुखण्यातून उठल्यावर त्या स्वतः एक साडी विकत घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ही ठेवून घ्या. वेळ आली की कुणाला विचारत बसू नका, लगेच या."

पद्मा म्हणाली, "वन्सं, स्वतः घेतलेली साडी माहेरची कशी होईल?" म्हणून आम्ही तिघे मांडवीच्या कापडबाजारात गेलो. डाळिंबी रंग बाईंनीच निवडला. दुकानदाराने विचारले, "मासी, कोनां लगन छे?" बाई म्हणाल्या, "लगन नथी. एक ज वखत पहेरवानी छे, भाई, काईक ओछुं करो." एकदाच नेसायची आहे म्हणून भाव कमी करा, हे काही त्याला समजले नाही. पद्माला हसू आवरेना. साडीचे पैसे मी दिले आणि ती माझ्या कपाटात ठेवली.

आनंदला हे सांगून ठेवा, असे मी बाईंना बजावले होते. डोळे दान करायचे, मशिनवर ठेवायचे नाही, घर कोणाला, हे सगळे त्यांनी त्याला बसवून सांगितले होते. साडीचे मात्र, "ऐकलं तर पोरगा रोज माझं तोंड बघत बसेल, सांगेन सवडीनं," असे म्हणून टाळले. ती सवड झाली नाही.

गेल्या मंगळवारी बाईंना अर्धांगाचा झटका आला व त्यांना दवाखान्यात नेले. आम्हाला आत सोडत नव्हते. रविवारी सकाळी भाजी घेऊन आलो तर त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स, बाहेर चपलांचा ढीग, दोघी बायकांच्या डोळ्यांना पदर. मी कोणाला काही विचारले नाही. उशीर करायचा नाही, एवढेच डोक्यात होते. कपाटातून साडी काढली आणि आत गेलो.

चारुलताबाई पलंगावर होत्या. डोळे उघडे होते. त्यांना दवाखान्यातून घरी आणले होते.

माझ्या हातातली कोरी साडी पाहताच सूनबाई निरुपमा किंचाळल्या. त्यांना ही रीत माहीत आहे. आनंद म्हणाला, "काका, आ शुं? मम्मी जिवंत छे! कसली वाट बघताय तुम्ही?" आणि मला ढकलले. मी चौकटीवर आदळलो व साडी पलंगावर पडली. बाईंची वाचा गेली आहे, उजवा हातही गेला आहे. डाव्या हाताने त्यांनी साडीचा काठ पकडला, छातीशी ओढला आणि माझ्याकडे बघून हसल्या. आनंद म्हणतो, ते हसू नव्हते, तोंड वाकडे झाले आहे. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, त्या हसल्या. निरुपमा यांना त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

मी त्यांच्या मरणावर टपलो होतो, हे खोटे आहे. ते उघडे डोळे दिसले तेव्हा मला फार बरे वाटले. धक्का त्यानंतर बसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या आईसमोर कोणी तशी साडी आणली असती, तर मीही हेच केले असते.

मी त्यांच्या घरात पाऊल ठेवणार नाही असे लिहून द्यावे, ही आनंदची मागणी आहे. लिहून देतो. भाऊबीजेलाही जाणार नाही. मात्र बाईंना आता गच्ची चढता येणार नाही, हे त्याने ध्यानात घ्यावे. त्या लिहिण्यात एका दिवसाचा अपवाद ठेवावा. साडी न्यायची खरी वेळ येईल त्या दिवशी मला कोणी दारात अडवू नये.

साडी पंचनामा करून ठाण्यात जमा केली आहे. काम संपल्यावर ती माझ्याच हाती द्यावी. मला घाई नाही. तुमच्याकडे एरवी लागतो तेवढा वेळ खुशाल लागू द्या.

हा जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. साडीचा रंग लाल लिहिला होता, तो डाळिंबी करून घेतला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही केली.