चंचलची मंजुरी

(सावली तालुक्यातल्या एका गावची शाळा. तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडम, मजूर लहानू आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा.)

लहानू : वारली चंचल. पोळ्याच्या पाडव्याले.

डॉक्टर : अरे... मी तर तिची मंजुरी सांगायला आले होते. हृदयाचं ऑपरेशन, नागपूरला, सगळं फुकट.

लहानू : मंजुरी आली? मंग नाई वारली.

डॉक्टर : लहानूभाऊ, आत्ताच म्हणालात.

लहानू : मी कुठी काय म्हणलो? हे काय, तुमच्यासमोर उभी हाय.

डॉक्टर : हा मुलगा आहे.

लहानू : केस बारीक केले. उवा झाल्या होत्या.

डॉक्टर : हा रोशन. तिचा भाऊ.

लहानू : छातीले नळी लावून पाहा, मंग नाव ठरवा.

डॉक्टर : ये बाळा, शर्ट वर कर.

रोशन : थंड नका लावू मॅडम. मागच्या खेपेस हातावर घासून लावलं होतं तुमी.

डॉक्टर : ते तिला. तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. तुम्ही शिकवलंत ह्याला?

लहानू : मी तवा बाहीर लायनीत होतो. घरीबी असंच करून राह्यला. रोशन म्हणून हाक मारली तर पाहात नाई. तिच्याच ताटात जेवते. माय दोघायचं वाढते अन् एकाचंच उष्टं उचलते.

डॉक्टर : जरा गप्प बसा... तोच आवाज. अगदी तोच.

लहानू : काळजातलं भोकबी तेच असंन.

डॉक्टर : ह्याचं नाव नव्याने टाकते.

लहानू : किती टाइम लागन?

डॉक्टर : चंचलला दोन वर्षं लागली. मी घाई करते, तरी वर्ष जाईल.

लहानू : ओठ पाहा त्याचे. जांभळं खाल्ली म्हणावं तर मोसम कवाचा गेला.

डॉक्टर : दिसतंय मला. पण मेलेल्या मुलीच्या नावावर जिवंत मुलगा कसा पाठवू? शुद्धीवर आला की तिथे आधी नाव विचारतात.

लहानू : चंचलच सांगन तो. मले भेव त्याचंच हाय. ऑपरेशन झाल्यावर रोशन वापसच नाई आला तर?

रोशन : येते तो, बाबा. मी सांगीन त्याले.

डॉक्टर : ...काय करू मी, लहानूभाऊ?

लहानू : अर्ज ल्याहा, सही मी करतो. दोन वर्ष चकरा मारून तुमची भाषा आली मले. ल्याहा : 'कुमारी चंचल हिचे मंजूर ऑपरेशन पार पडेपर्यंत तिला हयात राहण्यास मुदतवाढ देण्यात यावी, ही नम्र विनंती.'