कमळाबाईंचं दुसरं पत्र

संध्याकाळी सिल्वासाच्या स्टँडवर नरोलीच्या बससाठी रांग लागली होती. शाळेतल्या रजनीबाईंच्या पुढे वेगवेगळ्या कारखान्यांतल्या दोघी बोलत होत्या.

“कमळामावशी, काल रेडिओवर कामगारांच्या कार्यक्रमात तुमचं पत्र वाचलं!”

“नावासकट वाचलं वं, रोशनी! ‘बायकांच्या संडासाला दार नाही.’ मला वाटलं, आता कामावरून काढतात.”

“मग?”

“सकाळी जाऊन पाहते, तर सुपरवायझर सुतार घेऊन उभा. दार बसवलं, कडीसकट!”

“तुम्हाला काही बोलला?”

“म्हणे, दार बसलं असं रेडिओला कळवा. त्यात माझं नाव घाला.”

“घालणार?”

“घालीन म्हटलं. पण आधी पिण्याच्या पाण्याचा नळ बसवा, म्हणजे एकाच पत्रात दोन्ही येईल.”

रजनीबाई हसू दाबत पुढे सरकल्या.

“मग काय म्हणाला?”

“दुपारी प्लंबर माप घेऊन गेला.”