खाली लागलेला भात

नाही हो बाई, झाकण नाही उघडायचं – बसा तुम्ही, त्या स्टुलावरची लंगोटं ढकला तिकडे. कृती हवीय ना? सांगते की! पाळणाघराच्या संचालिका स्वतः तीन जिने चढून माझ्या ओट्यापाशी आल्यात, नाही कशी म्हणू? नव्या बाईचं रांधलेलं पोरं थुंकतात, परवा तपासणीचे पाहुणे येणार, त्यांना मावशींचा तो पश्चिम आफ्रिकेतला लाल भातच हवाय – आणि स्वयंपाकाच्या मावशींना तर तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच काढून टाकलंत. मग घ्या लिहून. टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, कांदा वाटायचा, तेलात परतायचा – किती वेळ? मीही हेच विचारलं होतं, वही-पेन घेऊन! मावशी म्हणाल्या, "कच्चा वास जाईपर्यंत. नाक आहे ना तुला?" आता नाक आहे, पण माझा त्याच्यावर भरवसा कुठे – लेकीचा ताप दोन-दोन थर्मामीटरने बघणारी मी! त्या मला इथे शिकवायला आल्या, त्या पहिल्या रविवारी काळजीने ढवळत बसले, भाताची खळ झाली. दुसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या हातातला डाव काढून लेकीला खेळायला दिला. तांदूळ घातला की झाकण घट्ट, शेवटी आच मोठी, आणि हात मागे. खाली लागू द्यायचा – हो, मुद्दाम! तो धुरकट वास वरपर्यंत चढतो, तोच त्या भाताचा जीव. लहानपणी, तिकडे आफ्रिकेत, मावशींच्या घरी भावंडं खरवडीवरून भांडायची. आणि तुम्ही त्यांना काढलंत कशावरून? भात जाळते म्हणून!

आला वास? बघा, उठलात – हात गेलाच गॅसकडे! परवाही जाणार. पाहुण्यांसमोर करपल्याचा वास आला की तुम्ही झाकण उघडाल, ढवळाल, आणि ताटात वाढाल खळ. म्हणून तर सगळं खरं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. तुमची फजिती व्हावी एवढीच माझी – काय?

हा माझ्या तक्रारीचा कागद कुठून काढलात? पर्समध्ये घेऊन हिंडता?... हो, अक्षर माझंच. 'भात करपलेला असतो, मुलीच्या पोटाची काळजी वाटते.' दोन ओळी. नळाच्या पाण्याबद्दलही लिहिलं होतं मी, तो कागद नाही जपलात! तुम्हाला मावशींच्या जागी तुमची वहिनी आणून बसवायची होती, माझ्या ओळी आयत्या मिळाल्या. नाही, मावशींना ठाऊक नाही. बाजारात भेटल्या तेव्हा मी रडायलाच लागले – त्यांना वाटलं, पोरगी जेवत नाही म्हणून, लागल्या शिकवायला. सहा रविवार झाले. दर वेळी ठरवते, आज सांगायचं, आणि दर वेळी खाली मान घालून कांदा चिरते. आणि आता तुम्ही हे त्यांना दाखवणार – मी परवा येऊन रांधलं नाही तर?

द्या इकडे. द्या म्हणते ना! आज रविवार, जिन्यात मावशींचीच पावलं आहेत. मीच वाचून दाखवते – आधी माझ्या ओळी, मग तुमच्या वहिनीचंही सांगते. थांबताय ऐकायला? नाही? मग निघा. आणि जिन्यात बाजूला व्हा जरा, त्यांच्या हातात पिशव्या असतील.