धरणाच्या पाण्यावरचा नवा नियम

(खडकी. सकाळचे नऊ. टेबलावर टाईप केलेला अर्ज, वर उघडं पेन.)

सत्यशीलाबाई : ...'आई, कानात गिरणी चाललीय.' पाच वर्षांचा होता अवधूत. उशीत कान खुपसून म्हणायचा. जाऊन वर्ष होईल आता, पण बत्तीस वर्षांचा मला आठवतच नाही रे. येतो तो हाच, पाच वर्षांचा, कान धरून.

अभिनव : शाळेतही कापूस घालून यायचा, बाई.

सत्यशीलाबाई : तूच शेजारी बसायचास. चौथी ब, माझाच वर्ग. म्हणून तर तुला फोन केला होता त्या दिवशी. म्हटलं, कान नाजूक आहे त्याचा, तो पाण्याखाली असेपर्यंत तुझ्या होडीवरचं ते मासे शोधायचं यंत्र बंद ठेव. दोनदा सांगितलं. सांगितलं की नाही?

अभिनव : सांगितलंत.

सत्यशीलाबाई : असो. उगाळायला नाही बोलावलं तुला. सहीसाठी बोलावलंय. वाच.

अभिनव : 'पाणबुडे पाण्यात असताना धरणातल्या सर्व होड्यांनी मासे शोधायची सोनार यंत्रं बंद ठेवावीत...'

सत्यशीलाबाई : खाली बघ. छत्तीस सह्या आहेत. बोट क्लबचे जयसिंगराव काल घरी येऊन गेले. म्हणाले, होडीत जो होता त्याची तेवढी सही आणा, अकराच्या मीटिंगला नियम करून टाकतो. होडीत तू होतास. एकटा.

अभिनव : बाई, मला साडेदहाला हिंजवडीला पोचायचंय. एक रिलीज आहे आज.

सत्यशीलाबाई : सही करायला किती वेळ लागतो तुमच्या कंपनीत?

अभिनव : वेळेचं नाही. हा नियम बरोबर नाही.

सत्यशीलाबाई : अस्सं.

अभिनव : नौदलाच्या मोठ्या जहाजांचा सोनार वेगळा असतो. त्याची पॉवर प्रचंड, त्यापासून डायव्हरला लांबच ठेवतात. आमचं त्यापुढे खेळणं आहे. त्याचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूसुद्धा येत नाही. मालवणला ते चालू असताना मी स्वतः चार वेळा खाली गेलोय. होडीत खरं भ्यायचं ते इंजिनाच्या पंख्याला.

सत्यशीलाबाई : तुझं यंत्र तुला गुणीच वाटणार. अमेरिकेहून आणलंस कौतुकानं. पेपरात आलं होतं, सोनारमुळे देवमासे किनाऱ्याला लागून मेले. एवढाले देवमासे. माझ्या लेकाचा कान तो केवढा?

अभिनव : रिपोर्टमध्ये लिहिलंय ना, कानाचे पडदे शाबूत होते. जुन्या जाळ्यात पाय गुंतला आणि टाकीतली हवा संपली.

सत्यशीलाबाई : भोवळ आल्याशिवाय गुंतला? सहा वर्षं उतरत होता तो पाण्यात.

अभिनव : पाणी गढूळ होतं. तुमच्या माहेरच्या घराची भिंत तिथेच कुठेतरी आहे म्हणून तो...

सत्यशीलाबाई : ते नको काढूस. मी कधी म्हटलं होतं त्याला, जा आणि बघून ये? गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी तेरा वर्षांची. बोलता बोलता सांगितलं असेल कधी, दारात तुळस होती, भिंतीला कोनाडा होता. पोरं ऐकतात आणि आपण विसरतो. आई जात्यावर बसली की तिला ओवी सुचायची. मला कधी नाही सुचली. ह्या वर्षात एकच सुचली. कुणाला म्हणून दाखवली नाही.

अभिनव : म्हणा.

सत्यशीलाबाई : माझ्या गं माहेराला
पाणी झालं राखणदार
भेटी गेलं माझं बाळ
आतून लागलं दार.

अभिनव : बाई, मी पाणी आणू का?

सत्यशीलाबाई : बस खाली. पाणी पुरे झालं. वर्षभर तुझ्याशी धड बोलले नाही मी. दिवाळीत तुझी नम्रता वारज्याहून दोन बस बदलून फराळ घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवली. चुकलं माझं. सही कर, म्हणजे मीही सोडून देईन. तू यंत्र चालू ठेवलंस, हे पुन्हा तोंडातून काढणार नाही.

अभिनव : सही नाही करता येणार.

सत्यशीलाबाई : का?

अभिनव : येत्या रविवारी आठ जण उतरणार आहेत तिथे. खाली माणूस कुठे आहे ते होडीवाल्याला दुसरं कोण सांगणार? वारा सुटला की बुडबुडेही कळत नाहीत. यंत्राच्या पडद्यावर माणूस रेघेसारखा दिसतो. होडीखाली असला तर हलतोय की थांबलाय, तेवढं समजतं. थांबला असेल तर दोर धरून दुसऱ्याला उतरता येतं.

सत्यशीलाबाई : मग तू का नाही उतरलास?

अभिनव : मला सर्दी होती, सर्दीत खाली कान दुखावतात. एकट्यानं जाऊ नको म्हटलं होतं मी. तो म्हणाला, तू वरून बघ की पडद्यावर.

सत्यशीलाबाई : बघितलंस ना? काय दिसलं?

अभिनव : काही नाही.

सत्यशीलाबाई : एवढं गुणाचं यंत्र, आणि काही नाही? चालू होतं ना? काठावर मी विचारलं, तू मान डोलावलीस. पोलिसांनाही तेच सांगितलंस.

अभिनव : हो.

सत्यशीलाबाई : वर बघ. शाई सांडलीस की असाच फरशीकडे बघायचास.

अभिनव : यंत्र बंद होतं.

सत्यशीलाबाई : काय म्हणालास?

अभिनव : तुमचा फोन झाला आणि मी बटण बंद केलं. अवधूत हसला. म्हणाला, आईनं तुलाही गृहपाठ दिला का? राहू दे चालू, काही होत नाही. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय. मग तो उतरला. वारा होता, मी बुडबुडे शोधत बसलो.

सत्यशीलाबाई : किती वेळ?

अभिनव : चाळीस मिनिटं.

सत्यशीलाबाई : मग?

अभिनव : वर यायची वेळ टळून गेली, तेव्हा चालू केलं.

सत्यशीलाबाई : आणि?

अभिनव : होडीच्या खालीच होता, बाई. लगेच दिसला.