पटाची जोडी

गरीब माणूस कर्ज बुडवते, असं कोणी म्हटलं का मले केनवडकडचा एक देशमुख आठवते. मी तवा बँकेच्या वसुलीवर होतो. यानं नांगराची बैलजोडी घेतो म्हणून कर्ज काढलं अन् आणली शंकरपटाच्या शर्यतीत पळवाची जोडी. हप्ता मांगाले गेलो, तं हा बैलायले तूप पाजून राह्यला.

"बापूसाहेब, हप्ता?"

"यंदा पटात हारलो. पुढच्या साली पाहू."

"मंग वावर कोणाच्या बैलानं नांगरता?"

"भाड्याच्या."

"त्याचंही भाडं थकलंच असन?"

"छ्या. रोजच्या रोज रोख देतो. नाई देलं तं बैलवाला आपली जोडी सोडून नेते. तो काई तुमची बँक नोहे."